लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे पेशीतला कचरा का?

तुम्ही विचारलंय, की बारावीला डीएनएपासून आरएनए आणि त्यापासून प्रथिन एवढंच शिकवलं. मग प्रथिन न बनवणारे हे लांब आरएनए पेशी बनवतेच कशाला? मी जळगाव जिल्ह्यात बीएस्सीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या फार आवडीचा आहे. सरसकट कचरा म्हणू नका, पण सगळेच कामाचे असतात असंही धरून चालू नका.

लांबी २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांपेक्षा) जास्त आणि प्रथिनाचा संकेत नाही, एवढीच त्यांची ओळख. कामाचा पक्का पुरावा हवा तर ‘झिस्ट’ हा लांब आरएनए बघा. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगाशी उंदरावर टपलेली काळ्या-तांबूस ठिगळांची मांजर दिसते ना, ती जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीत एक्स दोन. भ्रूण अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते, आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तेच बंद ठेवतात. एका एक्सवर तांबूस आणि दुसऱ्यावर काळ्या रंगाची आवृत्ती असेल, तर जिथे जी चालू राहते तिथे तो रंग; म्हणून ठिगळं. (पांढरा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा.) उंदरांवरून ही कल्पना ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली.

हे बंद करण्याची सुरुवात झिस्ट करतो. माणसात तो सुमारे १७ हजार न्यूक्लिओटाइडचा असतो. ज्या एक्सवर तयार होतो त्यालाच चिकटून तो त्यावर पसरतो आणि स्पेन नावाच्या प्रथिनाला बोलावतो. मग हिस्टोनांवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट, म्हणजे जनुकं चालू ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, निघतात, जनुकं गप्प होतात आणि गुणसूत्र आक्रसतं. आमच्या प्रॅक्टिकलला मुली गालाच्या आतून पेशी खरवडून रंगवतात, तेव्हा काही केंद्रकांच्या अगदी कडेला एक गडद ठिपका दिसतो. तो बार बॉडी, म्हणजे हेच बंद एक्स. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएची करामत डोळ्यांनी दिसते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

याउलट ‘मॅलॅट-१’ हा दुसरा लांब आरएनए. पेशीत भरपूर, कर्करोगाच्या संशोधनात सतत नाव, पण २०१२ मध्ये उंदरांतून तो काढून टाकला तर उंदीर ठणठणीत वाढले. ‘एअर्न’ या तिसऱ्या लांब आरएनएची तऱ्हा आणखी वेगळी: तिथे तयार झालेल्या आरएनएपेक्षा त्या जागेवरून लेखन (डीएनएवरून आरएनए बनणं) चालू असणंच शेजारचं जनुक बंद करायला पुरतं.

म्हणून नव्या आरएनएबद्दल वाचाल तेव्हा आधी एवढं तपासा: तो काढल्यावर नेमकं काय बिघडलं, आणि परत दिल्यावर ते सुधारलं का?