मिकीला भेटवताना घाई नको
तीन वर्षांच्या लेकीला घेऊन हवाईला, ओआहू बेटावरच्या डिस्नेच्या औलानी रिसॉर्टमध्ये पहिल्यांदाच चाललात, म्हणून कळकळीनं सांगते: तिला मिकीच्या पुढ्यात ढकलू नका. टीव्हीवर वीतभर दिसणारा मिकी समोर माणसाएवढा उभा असतो, वर बोलतही नाही. माझी लेक माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडली होती. मग आधी मीच त्याला टाळी दिली. तिनं लांबूनच हात हलवला, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी आपणहून गेली.

भेटीच्या वेळा सकाळीच विचारून घ्या. मिकीच्या सहीसाठी पेन जाडच न्या, त्या गुबगुबीत हातमोज्यांत बारीक पेन धरवत नाही. पोहून आल्यावर आधी पोरीला कोरडं करा, मगच मिठी. डिस्नेच्या सिनेमातली मोआना मात्र बोलते, तिच्याशी मनसोक्त गप्पा होऊ द्या.