इंग्रजीत लांब वाक्य बोलताना आधी क्रियापद गाठा

इंग्रजीत लांब वाक्य बोलताना तुम्ही मध्येच अडखळत असाल, तर तुमची अडचण शब्दांची नसून क्रमाची आहे, असे मला वाटते. मराठीत कारण, वेळ, ठिकाण आधी मांडून क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे पूर्ण मराठी वाक्य मनात जुळवून ते इंग्रजीत उतरवू पाहणारा माणूस कर्ता उच्चारताच अडखळतो, कारण लगेच हवे असलेले क्रियापद मनातल्या वाक्याच्या टोकाला असते. म्हणून कर्ता आणि क्रियापद आधी बोलून टाकावे व बाकीचे मागून जोडत जावे. ‘आय लेफ्ट अर्ली’ एवढे म्हणा. मग ‘बिकॉज माय सन हॅड फीव्हर’, आणि सुचल्यास ‘सो आय मिस्ड द मीटिंग’. थांबायचेच झाले तर जोडशब्दाच्या आधी थांबावे; ‘बिकॉज’ म्हणून थांबलात तर ऐकणारा ताटकळतो, त्याआधी थांबलात तर वाक्य पुरे झाल्यासारखेच वाटते. सुरुवातीला बिकॉज, सो, बट, व्हेन एवढेच सरावात असू द्या. ‘हू’ आणि ‘व्हिच’ सावकाश घ्या, कारण आपले ‘काल भेटलेले गृहस्थ’ तिथे ‘द मॅन हू आय मेट येस्टरडे’ असे उलट्या क्रमाने येतात. ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ हे शब्द अर्जात शोभतात. गप्पांत मात्र, स्पष्टच सांगतो, ते पाठ केल्यासारखे वाटतात.