सेस्ना 172 घेऊन लेडव्हिलला उतरता येईल का?

तुम्ही विचारलंय की ह्यूस्टनला सेस्ना 172 वर लायसन्स काढलंय, जुलैत डेन्व्हरला येताय, तर तिथे तेच चार सीटचं छोटं विमान भाड्याने घेऊन कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच विमानतळावर, जाता येईल का.

उतरता नक्की येईल. पण परत उडता येईल का, हे उतरायच्या आधी ठरलेलं पाहिजे. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि 172 एस, म्हणजे 172 चंच एक मॉडेल, उडवतो. लेडव्हिलला पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारी माउंटन फ्लाइंग शिकवणारा इन्स्ट्रक्टर होता, आणि तुम्हीही त्याच्याशिवाय जाऊ नका हे आधीच सांगून टाकतो, तुमचं लँडिंग कितीही सुंदर होत असलं तरी.

आधी उंचीचा अंदाज घ्या. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर म्हणजे साधारण 5,400 फूट. डेन्व्हरजवळचा सेंटेनियल विमानतळ त्याच्याही वर, 5,885 फुटांवर आहे, आणि लेडव्हिलची धावपट्टी 9,900 फुटांच्या वर. ह्यूस्टनला तुम्ही समुद्रसपाटीला लागून उडत होतात, म्हणजे तिथल्या हाताच्या सवयी इथे जशाच्या तशा चालणार नाहीत.

त्यातून विमानाला नकाशावरची उंची कळत नाही, त्याला फक्त हवा किती विरळ आहे ते कळतं, आणि हवा तापली की अजून विरळ होते. हवेच्या विरळपणावरून विमानाला जी उंची जाणवते तिला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात, तुम्ही परीक्षेला केलंच असेल. दहा हजार फुटांवर स्टँडर्ड तापमान उणे 5 डिग्री धरतात आणि त्याच्या वरच्या प्रत्येक डिग्रीला ही उंची साधारण 120 फुटांनी वाढते. जुलैत दुपारी लेडव्हिलला 21 डिग्री असेल, वाटतं काय मस्त गार हवा आहे, पण विमानासाठी ती 13,000 फुटांवरची हवा झाली. 172 एसची सर्व्हिस सीलिंग, म्हणजे चढण्याची व्यवहारातली कमाल उंची, 14,000 फूट आहे, म्हणजे तिथे स्टँडर्ड हवेतही पूर्ण वजनात विमान मिनिटाला फक्त 100 फूट चढतं. आणि तुम्ही जमिनीवरूनच त्या छताच्या हजार फूट खाली उभे असता. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं, त्यामुळे 180 हॉर्सपॉवरमधले जेमतेम 110 हाताशी राहतात.

आता विमानाचं हँडबुक उघडून टेकऑफच्या अंतराचा तक्ता बघा. 172 एसचा तक्ता 8,000 फुटांवर संपतो. लेडव्हिल त्या कागदावरच नाहीये! माझ्या इन्स्ट्रक्टरने मला निघायच्या आधी हेच दाखवलं होतं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, आणि मग आम्ही टाकीतलं पेट्रोल कमी ठेवलं, बॅगा घरी ठेवल्या.

आम्ही केनोशा खिंडीवरून साउथ पार्कच्या पठारावर, तिथून ट्राउट क्रीक खिंड, ब्युएना व्हिस्टा आणि मग आर्कान्सा नदीच्या खोऱ्यातून उत्तरेला असे गेलो. लांबचा रस्ता आहे पण डोंगर तुलनेने खाली राहतात. डोंगराची धार ओलांडताना सरळ तोंड करून जायचं नाही, 45 अंशात तिरकं जायचं, म्हणजे खाली दाबणारा वारा लागला तर थोडक्यात वळून मागे फिरता येतं. अशा वाऱ्यात 172 जोर लावून वर निघेल ही आशा ठेवू नका, आणि धारेवर 20-25 नॉटच्या वर वारा सांगितला असेल तर त्या दिवशी जायचंच नाही.

उतरताना डावीकडे माउंट एल्बर्ट दिसतो, 14,440 फूट, अख्ख्या रॉकीजमधला सगळ्यात उंच, आणि तो बघत बसावंसं वाटतं, पण तेव्हा लक्ष स्पीडवर पाहिजे. अॅप्रोच नेहमीच्याच 65 नॉटने करायचा. हवा विरळ असल्यामुळे जमिनीवरून खरा वेग दुपारच्या वेळी 79 च्या आसपास असतो, त्यामुळे आपण फार जोरात येतोय असं वाटून हात आपोआप स्पीड कमी करायला जातो आणि तिथेच विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून खाली पडायला लागतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. लँडिंगला दीडपट जागा लागते पण धावपट्टी 6,400 फूट आहे, पुरते.

दुसरी सवय मिक्श्चरची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणाची. ह्यूस्टनला लँडिंगच्या आधी मिक्श्चर फुल रिच, म्हणजे पेट्रोल जास्तीत जास्त, करायची सवय लागलेली असते. इथे तसं केलंत आणि ऐनवेळी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं, करावं लागलं तर जादा पेट्रोलने इंजिन घुसमटेल. लीनच, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवायचं, आणि टेकऑफच्या आधी फुल थ्रॉटलवर उभं राहून सगळ्यात जास्त आरपीएम मिळतील तिथे सेट करायचं.

तर आम्ही सकाळी नऊला उतरलो, गावात जेवलो आणि एकला परत आलो. तापमान 21, पूर्वेच्या डोंगरांवर ढग चढायला लागलेले. मला घरी जायचं होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, आणि समोर एवढी लांब धावपट्टी दिसत होती. इन्स्ट्रक्टर म्हणाला की चाकं उचलली जातील, विमान जमिनीलगतच्या हवेच्या उशीवर तरंगेल आणि पुढे चढणारच नाही, मग धावपट्टी संपल्यावर काय करशील? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही विमान दोरांनी बांधलं आणि मुक्काम केला.

सकाळी साडेसहाला 4 डिग्री होतं, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड 11,000. त्याच विमानाला रात्रीतून 2,000 फूट खालची हवा मिळाली. धावपट्टीच्या मध्यावर, 3,200 फुटांजवळची खूण आधीच ठरवली होती, तिथपर्यंत उडण्याच्या वेगाच्या 70 टक्के म्हणजे 55 पैकी 39 नॉट झाले नसते तर थ्रॉटल बंद, टेकऑफ रद्द. झाले. दक्षिणेला उडालो, कारण तिकडे खोरं उतरत जातं आणि विमान हळू चढत असलं तरी जमीन आपणहून खाली जात राहते. लेहला गेलेल्यांना माहीत असेल, तिथल्या फ्लाइटही बहुतेक सकाळच्याच असतात, त्याचं मोठं कारण हेच.

ऑक्सिजनचं राहिलंच. 12,500 फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलात तर पायलटला ऑक्सिजन सक्तीचा आहे, पण मी 10,000 लाच लावतो. कोरोनात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर सोबत आणा.

आणि विमानतळाच्या ऑफिसमध्ये जाऊन तिथे उतरल्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, माझं अजून भिंतीवर आहे, त्याच्या शेजारी मी तो 8,000 फुटांवर संपणारा तक्ता झेरॉक्स करून लावलाय.