स्वस्तिक परदेशातल्या दारापुढे काढावे का?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. गेल्या दिवाळीत दारापुढच्या रांगोळीत मी स्वस्तिक काढले, तेव्हा शेजारच्या वृद्ध ज्यू बाई ते पाहून न बोलता निघून गेल्या. नाझींचे चिन्ह उलट दिशेचे होते, त्यामुळे आपण संकोच करू नये, असे माझे यजमान म्हणतात. हे बरोबर आहे का? यंदा स्वस्तिक काढावे का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : दिशेचा मुद्दा आपल्याकडे फार आत्मविश्वासाने सांगितला जातो, पण तो चुकीचा आहे. नाझी ध्वजावरील चिन्हाच्या भुजा आपल्या पूजेतल्या स्वस्तिकाप्रमाणेच उजवीकडे वळलेल्या होत्या. ते चिन्ह बहुधा तिरपे काढत, पण हिटलरच्या वैयक्तिक ध्वजावर ते सरळच होते. डावीकडे वळणारे रूप तर जपानमधील बौद्ध मंदिरांची खूण म्हणून आजही नकाशांवर दिसते. तेव्हा हा युक्तिवाद शेजारीणबाईंपुढे मांडू नये.

या चिन्हाला डाग लागला तो एका दिवसात नव्हे. १८७०च्या दशकात जर्मन उत्खननकर्ते हाइनरिख श्लीमान यांना ट्रॉय या प्राचीन नगरीच्या उत्खननात ते अनेक वस्तूंवर आढळले आणि युरोपातील काही विद्वानांनी त्याची सांगड ‘आर्य’ वंशाच्या कल्पनेशी घातली. त्याच वेळी सर्वसामान्यांना ते निव्वळ शुभचिन्ह म्हणून आवडू लागले होते. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीने ते आपल्या बियरसाठी वापरले, तर अमेरिकेच्या ४५व्या पायदळ डिव्हिजनचे सैनिक ते बाहीवर मिरवत. १९२०मध्ये नाझी पक्षाने ते उचलले आणि १९३५मध्ये ते जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आले. ‘त्यांनी आपले चिन्ह चोरले’ एवढ्यावर ही कथा संपत नाही, कारण ज्या आर्यत्वाच्या कल्पनेतून ते उचलले गेले, तिचा अभिमान आपल्याकडेही अनेकांनी बाळगला होता.

पुढे ज्याने त्याने आपापला मार्ग निवडला. १९४०मध्ये अॅरिझोनात नावाहो, होपी, अपाची व पापागो या अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातींच्या प्रतिनिधींनी, घोंगड्या आणि टोपल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या येणारे हे चिन्ह यापुढे वापरणार नाही, असे लेखी जाहीर केले. आपल्याला ते शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. चोपडीपूजनापासून कलशापर्यंत ज्याची गरज लागते आणि जैनांमध्ये जे तीर्थंकर सुपार्श्वनाथांचे लांछन, म्हणजे ओळखचिन्ह, आहे, ते सोडणे म्हणजे पूजेचाच एक भाग सोडणे होय.

तुमच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२मध्ये नाझी चिन्हाच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध व जैनांच्या धार्मिक, सांस्कृतिक वापराला स्पष्ट सूट दिली आहे, त्यामुळे कायद्याची भीती नाही. मात्र नाझी छळातून वाचलेले असंख्य ज्यू युद्धानंतर मेलबर्नमध्येच स्थायिक झाले, आणि त्यांच्या घरांत त्या चिन्हाचा जो अर्थ आहे तो आपल्या अर्थाइतकाच खरा आहे. आपला हेतू निर्मळ असतो, हेही दरवेळी गृहीत धरू नये. २००६मध्ये नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव दिले गेले, तेही नाझी चिन्हासकट, आणि ते बदलले गेले ते ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर. कोकणातल्या बेने इस्रायलींच्या रूपाने मराठी बोलणारे ज्यू शतकानुशतके आपल्या शेजारी राहत असूनही हे घडले, याचे मला अधिक वाईट वाटते.

माझे मत असे की स्वस्तिक जरूर काढावे, पण देवघरात किंवा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. दारापुढे यंदा कमळ किंवा गोपद्म काढले तर दिवाळीत काही उणे पडत नाही. हा सल्ला कायमचा नाही. दिवाळीच्या आधीच शेजारीणबाईंना भेटावे, आपल्याकडे हे कशासाठी काढतात ते थोडक्यात सांगावे आणि त्यांना काही सांगायचे असल्यास मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. बाहेरच्या रांगोळीचा निर्णय त्या भेटीनंतर करता येईल. फराळ नेणार असाल, तर त्या कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळतात का हे आधी विचारावे.