बसण्याच्या ढबीवरून स्वभाव ओळखता येतो का?

गुडघे जुळवून बसणारा हुशार, पाय फाकून बसणारा आत्मकेंद्री, खांदे पाडून बसणारा न्यूनगंडाने पछाडलेला, अशी चित्रे मोबाइलवर सतत फिरत असतात. ती पाहून वाचक स्वतःबद्दल आणि घरच्यांबद्दल मते बनवतात व मला पत्रे लिहितात. वारंवार येणाऱ्या पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: मी गुडघे जुळवून आणि पावले लांब ठेवून बसते. अशा एका चित्राखाली दिलेले वर्णन माझ्याशी तंतोतंत जुळले. हे कसे?

ते वर्णन कोणाशीही जुळले असते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचा निष्कर्ष’ म्हणून एकच मजकूर वाटला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून काळजी करता’ हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? पाय कसे ठेवले जातात, हे खुब्याच्या सांध्याची ठेवण, खुर्चीची उंची, अंगावरचे कपडे आणि लहानपणी लागलेले वळण यांवर अवलंबून असते.

प्रश्न: हाताची घडी घालून बसणारी माणसे आतल्या गाठीची असतात का?

नाही. थंडी वाजणे किंवा खुर्चीला हात नसणे, एवढेही कारण त्याला पुरते.

प्रश्न: संवादाचा ९३ टक्के भाग देहबोलीचा असतो, असे एका कार्यशाळेत सांगितले. समोरच्याचे खोटे पकडायला शिकवणाऱ्या पुढच्या वर्गाचे शुल्क भरावे का?

भरू नये. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून उचललेला आहे. सुटे शब्द ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे लोक कशावरून ठरवतात, एवढेच त्यांनी तपासले होते. त्यातले ३८ टक्के आवाजाचे आणि ५५ टक्के चेहऱ्याचे होते. बसण्याच्या ढबीचा त्या आकड्याशी काहीही संबंध नाही. हे सूत्र सर्व संवादाला लावू नये, असे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. खोटे पकडण्याबाबत सांगायचे तर, २००६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आल्याचे दिसले. नाणे उडवून ठरवले, तरी ५० टक्के वेळा बरोबर येते. जवळच्या व्यक्तीवरचा विश्वास डळमळला असेल, तर त्या व्यक्तीशी बोला आणि गरज वाटल्यास दोघे मिळून समुपदेशकाकडे जा.

प्रश्न: माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. आयुष्यभर ताठ बसणारे वडील गेल्या वर्षभरापासून पुढे झुकून, खांदे पाडून बसतात. चेहऱ्यावर काही उमटत नाही, बोलणे कमी झाले आहे. निवृत्तीमुळे ते मनाने खचले, असे घरातल्यांना वाटते. त्यांना आत्मविश्वास कसा द्यावा?

आत्मविश्वासाचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘वर्षभरापासून’ हा आहे. जन्मभराच्या ढबीवरून फारसे काही ठरवता येत नाही. पण ती बदलली, की प्रकृतीची चौकशी करायलाच हवी.

माझ्याकडे एका गृहस्थांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या होत्या. हे कायम रुसलेले असतात, नातवाला पाहूनही हसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मी त्या गृहस्थांना एकच ओळ चार वेळा लिहायला सांगितली. पहिल्या ओळीतली अक्षरे ठीक होती. चौथीपर्यंत ती इतकी बारीक झाली, की वाचता येईनात. दारापर्यंत चालताना त्यांचा डावा हात झुलत होता आणि उजवा अंगाला चिकटून राहिला होता. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून कंपवाताचे निदान केले. हाताला कंप नव्हता, म्हणून दोन वर्षे कोणालाही शंका आली नाही, आणि ती दोन वर्षे हसू मनात येऊनही चेहऱ्यापर्यंत न पोहोचणारा हा माणूस घरच्यांची बोलणी खात राहिला. औषधांनी हा आजार मुळासकट जात नाही, पण हालचाली बऱ्याच सुधारतात. मग उशीर का करायचा?

तुमच्या वडिलांना हाच आजार आहे, असे पत्रावरून मी म्हणणार नाही. नैराश्यातही हालचाली आणि बोलणे मंदावते, थायरॉइडचे काम कमी झाल्यासही माणूस सुस्तावतो, आणि ठिसूळ झालेला मणका दबला तर पाठ वाकते. यांपैकी काय आहे, हे तपासणीनेच कळेल. जाताना त्यांच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सह्या आणि चालतानाचा एखादा जुना व्हिडिओ सोबत न्या. जगण्यात अर्थ नाही, असे ते एकदा जरी म्हणाले असतील, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

प्रश्न: माझी १५ वर्षांची मुलगी अभ्यासाला बसली की सारखा पाय हलवते. ती अविचारी स्वभावाची आहे, असे तिच्या शिक्षकांचे म्हणणे आहे. सवय कशी मोडावी?

पाय हलवण्यावरून स्वभावाचा निकाल देणे चूक आहे. बहुतेकांच्या बाबतीत ही निरुपद्रवी सवय असते. मात्र संध्याकाळनंतर पायांत वळवळल्यासारखे होऊन पाय हलवल्यावरच बरे वाटते का, आणि त्यामुळे झोप मोडते का, हे तिला विचारा. तसे असेल तर डॉक्टरांना भेटा. शरीरातील लोह कमी असल्यानेही असे होते. उलटीवरच्या काही औषधांनीही अशी अस्वस्थता येते, म्हणून तिची चालू औषधे त्यांना दाखवा. रक्ततपासणीच्या आधी लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.