उपवासाआधी गोळ्यांचा विचार

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून गेली सहा वर्षे मला टाइप २ मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू आहेत. महिन्याभरापासून मी रात्रीचे जेवण सोडून रोज सोळा तास उपवास करतो. गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच घेतो. दोनदा पहाटे दरदरून घाम फुटला आणि हात थरथरले. तरीही सकाळी उपाशीपोटी साखर १४० च्या आसपासच येते. काही खाल्लेले नसताना ही साखर येते कुठून? उपवासाने मधुमेह जातो, हे खरे आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब पहाटेच्या घामाची आहे. ही बहुधा साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट ती पाहत नाही. म्हणूनच जेवण गाळून ही गोळी नेहमीच्या मात्रेत घेणे धोक्याचे ठरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. केवळ मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा उतरत नाही. मात्र डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्यांनी लांबलेल्या उपवासात विशेष जपावे, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांच्या रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) घातक पातळीपर्यंत साठू शकतात. पुन्हा थरथर जाणवली, तर लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डॉक्टर मात्रा ठरवून देईपर्यंत रात्रीचे जेवण कृपया सोडू नका आणि गोळीही आपल्या मनाने बंद करू नका.

सकाळची साखर यकृतातून येते. उपाशी असताना मेंदूला ग्लुकोज मिळावे म्हणून यकृत आपला साठा मोकळा करते आणि नवे ग्लुकोजही तयार करते. एरवी इन्सुलिन या कामाला लगाम घालते. मधुमेहात तो सैल पडतो, त्यात पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात. त्यामुळे त्या एका आकड्यावरून खचून जाऊ नका. साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी अधिक भरवशाची आहे.

मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात राहू शकतो, हे खरे आहे. पण त्याचे श्रेय उपवासाच्या तासांपेक्षा घटलेल्या वजनाला अधिक जाते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात निदानाला सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला होता. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची एचबीएवनसी औषधांविना ६.५ च्या खाली होती आणि ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक घटले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन परतले की साखरही परतते, म्हणून वर्षानुवर्षे निभेल असाच आहार निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जेवताना भाज्या व प्रथिनांचे पदार्थ आधी आणि धान्याचे पदार्थ शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी उसळते. हा बदल आजपासून करता येईल.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराच्या नोंदी न्या : प्रत्येक जेवणापूर्वीची आणि दोन तासांनंतरची साखर, शिवाय एक-दोन रात्री पहाटे तीनची. ग्लिमेपिराइडची मात्रा ठरवायला या शेवटच्या नोंदींचा त्यांना सर्वाधिक उपयोग होईल.