गोळ्या चालू आहेत, तरी हा दिवसभर पडून का असतो?

स्किझोफ्रेनिया जुना होतो, आरडाओरडा थांबतो, रात्रीची जागरणं संपतात, आणि मग घरचे एका नव्याच प्रश्नापाशी अडकतात. माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील तो विचारतात: "भास नाहीत, संशय नाही, गोळ्या वेळेवर घेतो. मग हा काही करत का नाही? आता हा आळसच ना?"

पुण्यातल्या बिबवेवाडीचे एक काका-काकूही हेच विचारायला आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मुलाला आपण सचिन म्हणू, वय ३४. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गातली मुलं आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटायला लागलं. पुरुषांमध्ये हा आजार बहुधा याच वयात, विशीच्या आगेमागे सुरू होतो. बायकांमध्ये सरासरी काही वर्षं उशिरा. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न यातलं काहीच मार्गी लागलेलं नसताना तो मुलाला गाठतो, आणि पुढे आयुष्यभर घर त्याला एकच माप लावतं: कमावतो का?

"अकराला उठतो, मॅडम," काका सांगत होते. "चहा हातात द्यावा लागतो. आंघोळीला चारदा सांगायचं. याच्या वयाचा असताना मी डबल ड्यूटी करत होतो." सचिनचा चेहरा कोरा. त्याला विचारलं तर म्हणाला, "झोप येते." काका हसले. मी मात्र ते वहीत लिहून घेतलं.

इच्छाशक्ती आटणं, बोलणं तुटक होणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, माणसं नकोशी होणं, याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात. पुरुषांमध्ये ती जास्त दिसतात. पण ज्या घाईने हल्ली ते लेबल चिकटवलं जातं ते मला आवडत नाही. पडून राहणारा माणूस उदास असू शकतो. त्याला अजून आवाज ऐकू येत असतील आणि तो सांगत नसेल. औषधाने अंग आखडलेलं असेल, किंवा नुसती गुंगी असेल. हे सगळं तपासल्याशिवाय 'निगेटिव्ह आहे, चालायचंच' म्हणणं म्हणजे हात झटकणं.

मी काकूंना त्याचा दिवस पहाटेपासून सांगायला लावला. त्या म्हणाल्या, सकाळी उशीचा अभ्रा लाळेने भिजलेला असतो, रोज बदलावा लागतो. कधीपासून? "संक्रांतीनंतर. आधी एवढं नव्हतं." संक्रांतीला काय झालं होतं? यावर काका जरा अभिमानाने बोलले, "त्याच्या सिगारेटी बंद केल्या. रोज पाकीट लागायचं. पैसेच द्यायचे बंद केले."

तिथे मला दुवा लागला. सचिनला क्लोझापिन चालू होतं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही, तर हे औषध दिलं जातं. अमेरिकेत जॉन केन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर औषधांनी बरं न वाटलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनने सहा आठवड्यांत सुधारले. क्लोरप्रोमॅझिन या जुन्या औषधाने फक्त ४ टक्के. सचिनचे आवाजही याच गोळीने थांबले होते, म्हणून औषधाबद्दल तक्रार नव्हती. पण सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात आणि ते हे औषध भराभर फोडतं. ओढणाऱ्याचा डोस त्या हिशोबाने वर बसलेला असतो. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम मंदावतं आणि तेवढ्याच गोळ्यांनी रक्तातलं औषध बरंच वाढतं. मग गुंगी, लाळ, बद्धकोष्ठता. फार वाढलं तर फिटसुद्धा. ओलॅन्झापिन या याच आजाराच्या दुसऱ्या औषधाचंही थोडंफार असंच. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला ते लागू नाही. सिगारेट सुटली हे चांगलंच. पण सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायला हवं होतं.

डोस हा माझा प्रांत नाही. चिठ्ठी लिहून त्यांना त्याच दिवशी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. चिठ्ठीत आणखी एक ओळ होती: चार-चार दिवस पोट साफ होत नाही. हे कुणी आपणहून सांगत नाही, पण क्लोझापिनवर ते अंगावर काढायचं नसतं. आतडं अडण्यापर्यंत जाऊ शकतं.

डोस टप्प्याटप्प्याने खाली आला. सचिन आठला उठायला लागला. आणि उठून बसून राहायला लागला.

आता जे उरलं होतं, ते खरं निगेटिव्ह होतं. काकांना सांगितलं, त्याला करायचं नसतं असं नाही, सुरुवातच होत नाही. काका क्षणभर थांबले. "म्हणजे इंजिन ठीक आहे, सेल्फ लागत नाही."

"हो. आणि तुम्ही रोज ड्रायव्हरला शिव्या घालताय."

भास-संशयावर जशी औषधं चालतात तशी या भागावर चालत नाहीत. इथे घराचा सूर महत्त्वाचा. लंडनमध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं, की जिथे सतत टीका, राग किंवा जीव गुदमरवणारी काळजी असते, तिथे आजार जास्त उलटतो. आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर असणाऱ्यांमध्ये तर आणखीच. नंतर चंडीगढच्या अभ्यासात भारतीय घरांमध्ये अशा टीकेचं आणि काळजीचं प्रमाण कमी आढळलं. पण दोन खोल्या, निवृत्त वडील आणि घरी बसलेला मुलगा म्हटल्यावर ३५ तास बुधवारपर्यंतच भरतात. काका सकाळी ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ लागले, ते यासाठी.

काकूंचं अवघड होतं. त्या ब्रशवर पेस्ट लावून द्यायच्या, कपडे काढून ठेवायच्या, पाणी बादलीत काढून द्यायच्या. मायाच ती, पण सचिनला करायला काही उरतच नव्हतं. आधी पेस्ट बंद केली. पहिले काही दिवस तो दात न घासताच बसला. काकूंना ते बघवेना, फोनवर रडल्या.

एक काम ठरवायचं होतं. मी दूध सुचवलं. सचिन म्हणाला, "दूध नको, तिथे गर्दी असते. दळण आणतो. गिरणीवाला बोलत नाही." त्याचं म्हणणं बरोबर होतं. दुपारी तीनला, गुरुवार सोडून, कारण गुरुवारी गिरणी बंद. काकांना एकच अट घातली: "बघ, जमलं ना? मग रोज का नाही जमत?" हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. कौतुकात गुंडाळलेला टोमणा या मुलांना लगेच कळतो.

पुढे धायरीच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेचा पत्ता दिला. गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यात झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड दिली, तेव्हा रुग्णांमध्ये थोडी जास्त सुधारणा दिसली. 'थोडी' हा शब्द मी पालकांपुढे मुद्दाम दोनदा म्हणते. अपंगत्वाच्या दाखल्याचंही सांगितलं. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात मानसिक आजार आहे आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात. काकांनी तो विषय बाजूला सारला. लग्न केलं की सुधारेल, असं आत्याचं मत आहे. त्यावर मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि पहिल्यांदाच सचिननेही मान हलवली.

आता तो आठवड्यातले काही दिवस धायरीला जातो. बाकीच्या दिवशी दुपारी लोळतो. काकांना ते अजून पटत नाही. पण आता ते त्याला काही बोलत नाहीत, मला फोन करून चिडतात.